अवधूत मागे होता

१

माझा धंदाच शंका घेण्याचा. एका विमा कंपनीसाठी मी अपघात झालेल्या गाड्या तपासतो. माणूस सांगतो, समोरून टेम्पोनं ठोकलं. मी गाडीला फेरी मारून बघतो, मग डिकी का चेपली आहे? नूपुर, माझी बायको, म्हणते की हा सत्यनारायणाला गेला तरी प्रसादात रवा जास्त की साखर तेच बघेल. असू दे. मला एवढंच म्हणायचंय, की पुढे जे सांगणार आहे तसा क्लेम माझ्या टेबलावर आला असता तर मी तो हसत हसत फेटाळला असता.

आमचा रविवार ठरलेला असायचा. उजाडायला लागलं की मी आणि अवधूत नायगावच्या बीडीडी चाळीतून सायकली खांद्यावर घेऊन जिना उतरायचो. आमच्या आजूबाजूच्या बऱ्याच चाळी पाडून झाल्या आहेत, सगळीकडे पत्रे ठोकलेत. आमच्या इमारतीचा नंबर अजून यायचाय. पत्र्यांच्या कडेनं बाहेर पडायचं आणि कॉटन ग्रीन, रे रोड करत डॉकच्या रस्त्याला लागायचं. त्या वेळी तिथे ट्रेलरसुद्धा झोपलेले असतात.

एक पुढे, एक मागे. पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही. मान वळली की हँडल वळतं, आणि डॉकच्या रस्त्यावर हँडल वळलं की माझ्यासारखा कुणीतरी येऊन तुमच्या सायकलीचे फोटो काढतो. हा नियम हेरंबचा. हेरंब गिरगावचा. लांब पल्ल्याची सायकल आम्हाला त्यानंच शिकवली. पुढच्यानं अधूनमधून नुसती हाक मारायची, "आहेस?" मागच्यानं ओ द्यायची, "आहे!"

नियम हेरंबचा असला तरी हाक आमची होती, माझी आणि अवधूतची. आम्ही एकाच मजल्यावर वाढलो. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला. लहानपणी काळोख पडल्यावर जायचं म्हणजे एकानं आत बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. आतला विचारणार, "आहेस?" बाहेरचा सांगणार, "आहे." बाकीची पोरं एकदा ओ देऊन पळून जायची आणि दुसऱ्या दिवशी शाळेत दात काढायची. अवधूत कधी पळाला नाही. एकदा त्याचे वडील त्याला शोधत छडी घेऊन आले, पाठीत दोन बसल्या, तरी माझी कडी निघेपर्यंत तो दारासमोरून हलला नाही. तेव्हापासून पाठीमागे अवधूत असला की मला मागे बघावंसं वाटतच नसे.

त्या रविवारी कॉटन ग्रीनच्या गोदामांपाशी नेहमीची कुत्री अंगावर आली. थोडी धावली, भुंकली, दमली आणि गप्प झाली. आम्ही वळणापाशी पोचलो तेव्हा ती मागे पुन्हा भुंकायला लागली. तशीच, जीव तोडून.

"अजून कोणी सायकलवाला येतोय वाटतं," मी म्हणालो.

अवधूतनं पायडलचा वेग वाढवला. मला आठवलं की ही कुत्री बरेच महिने अशीच दोनदा भुंकतात, आणि तो दुसरा सायकलवाला आम्हाला कधी दिसलेला नाही. पुढे खड्डा आला आणि मी ते विसरलो.

२

भाऊच्या धक्क्यावर रेवसच्या लाँचमध्ये सायकली चढवल्या. मी वारा खायला कठड्याशी गेलो. अवधूत आत जाऊन इंजिनाच्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसला. तिथे धूर, डिझेलचा वास आणि नुसता उकाडा. बाहेर हव्या तेवढ्या जागा रिकाम्या होत्या.

हे त्याचं वर्षभर चाललं होतं. हॉटेलात गेलो की भिंतीकडची खुर्ची. लग्नात शेवटची रांग. सायकलवर कायम मागे. "तू हो पुढे, माझा दम गेलाय," म्हणायचा, आणि कधी पुढे आलाच तर हाक मारायचा नाही. कानात सदानकदा इअरफोन. त्याची बायको अक्षदा नूपुरला म्हणाली होती की तो आडवा होऊन झोपतच नाही, पलंगावर भिंतीला टेकून बसून राहतो. मी एकदा विचारलं. "ऑफिसचं टेन्शन आहे रे," म्हणाला. जगावर चालणारा माझा संशय तिथे चालला नाही. मित्राचा क्लेम कोण तपासतो?

मी आत जाऊन त्याच्या शेजारी बसलो. आज कसं जायचं ते त्यानं सांगितलं. रेवसवरून गावागावातून चौल, तिथलं जुनं देऊळ आणि तळं. मग मोठा रस्ता सोडून आतला एक घाट. भयंकर चढ, पण वर पोर्तुगीजांची पडकी चौकी आहे. पलीकडे उतरलं की रेवदंड्याचा किल्ला.

"तू केलायस हा रूट?"

"गेल्या वर्षी. हेरंबबरोबर."

त्यानंतर थोड्याच दिवसांत हेरंबनं सायकल विकली, आमचा ग्रुप सोडला आणि नाशिकला राहायला गेला. जाताना निरोप नाही, गेल्यावर फोन नाही. त्याचा मला रागच होता.

"काय झालं रे हेरंबचं नक्की?"

"काही नाही. मजेत आहे." अवधूत पाण्याकडे बघत होता. "दुपारचापण झोपतो म्हणे."

नूपुरनं आमच्यासाठी घावणे दिले होते. त्यानं डबा उघडला आणि न खाता तसाच मांडीवर धरून बसला.

"नूपुर बरी आहे ना?" त्यानं विचारलं.

आदल्या संध्याकाळीच तो आमच्या घरी तिच्या हातचा चहा पिऊन गेला होता.

३

रेवसनंतरचा रस्ता तुम्हाला लाडात घेतो आणि मग चिमटा काढतो. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, अंगणात वाळत घातलेली सुकट, एखादी म्हातारी हातातला खराटा थांबवून बघणार. तेवढ्यात डांबर संपून खडी लागते, चढ सुरू होतो, आणि समोरून खारा वारा छातीवर बसतो. पिंडऱ्या भरून आल्या होत्या, पण मी खूश होतो. थंडीचे दिवस, मोकळा रस्ता आणि मागे अवधूत. अजून काय पाहिजे?

गावागणिक कुत्री होती. ती आमच्यावर भुंकायची, गप्प व्हायची, आणि आम्ही पुढे गेल्यावर पुन्हा भुंकायची. एका ठिकाणी मला राहवलं नाही. शाळेच्या कुंपणाशी पाय टेकून मी थांबलो आणि मागे सरळ रस्ता बघितला. रिकामा होता. एक तांबडं कुत्रं रस्त्याच्या मधोमध उभं राहून अवधूतच्या पाठीमागच्या हवेवर भुंकत होतं. त्याचं शेपूट पायात होतं.

"चल ना यार," अवधूत म्हणाला. "ऊन चढेल."

चौलला देवळासमोरच्या तळ्यावर हातपाय धुतले. काळी दीपमाळ, पायऱ्यांवर शेवाळ, पाण्यात माशांची खळबळ. कोणे एके काळी इथे जगभरची गलबतं लागायची. आता एक बाई शहाळी विकत होती. अवधूत देवळाच्या भिंतीला पाठ लावून उभा राहिला. त्यानं कानातले इअरफोन काढले, गुंडाळून खिशात ठेवले आणि डोळे मिटून काहीतरी ऐकल्यासारखा थांबला. मग म्हणाला,

"वैभव, तुला माझी खात्री आहे ना?"

"नाही. म्हणून तर रोज खोलीची चावी तुझ्याकडे ठेवतो."

तो हसला नाही. "मस्करी नको. सांग."

"आहे रे बाबा. संडासाच्या दारात ज्याची परीक्षा झाली त्याला अजून काय विचारायचं?"

त्याचा चेहरा कसनुसा झाला. मला वाटलं हा आता रडणार. मी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला तर तो झटकन बाजूला झाला, पाठीला हात लागू दिला नाही.

४

घाटाच्या तोंडाशी एक मोठं आंब्याचं झाड आहे. तिथे अवधूत थांबला. रस्ता तिथून डोंगरात शिरतो. अरुंद, एका बाजूला दरड, एका बाजूला करवंदीच्या जाळ्या आणि खाली दरी.

"तू पुढे हो," तो म्हणाला. "वर चौकीपर्यंत मागे बघू नकोस. तोल गेला तर सरळ दरीत जाशील. हाक मारत राहा फक्त."

"आणि तू?"

"मी आहे ना मागे."

मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि चढायला लागलो. ऊन पाठीवर होतं, माझी सावली पुढे रस्त्यावर. अवधूतच्या सायकलच्या चेनला एक खोड आहे, दर फेरीला टक् असा आवाज येतो. तो टक् टक् मागून येत होता. पहिल्या वळणावर मी ओरडलो, "आहेस?"

"आहे!"

त्याला धाप लागली होती. मलाही लागली होती. दुसऱ्या वळणानंतर चढ असा उभा झाला की मी सीटवरून उठलो. कानात माझाच श्वास भरला. जरा सपाटी आल्यावर विचारलं, "आहेस?"

"आहे."

मी तसाच पुढे गेलो. मग माझ्या मनातल्या विमावाल्यानं मान वर केली. काहीतरी बसत नव्हतं. टक् टक् ऐकू येत नव्हतं. वाऱ्यानं दबला असेल, मी म्हटलं. चेन बसली असेल नीट.

"आहेस?"

"आहे."

आणि धाप नव्हती. त्या चढावर माझ्या तोंडातून अर्धा शब्द निघत नव्हता, आणि मागून उत्तर येत होतं ते खुर्चीत बसल्यासारखं. आवाज अवधूतचाच होता. लहानपणापासून ऐकलेला, दाराबाहेरचा. पण दर वेळी तो तेवढाच, तसाच येत होता, चढ-उतार नाही, कंटाळा नाही.

मी सावलीकडे बघितलं. रस्त्यावर एकच सावली होती, माझी. तो बरोबर माझ्या मागे असेल, त्याची सावली माझ्या अंगावरच पडत असेल. ठीक आहे. हे कागदावर चाललं असतं. पण मग त्याच्या टायरखाली खडी का वाजत नव्हती? माझ्या टायरखाली वाजत होती.

लहानपणी आई सांगायची, "झिला, कोणी हाक मारल्यान तर पयल्या हाकेक ओ देव नको." आम्ही तिला हसायचो. पण हाक आपणच मारली आणि ओ दुसऱ्या कुणी दिली तर काय करायचं, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. घामानं भिजलेल्या माझ्या पाठीवरचा वारा एकाएकी लागेनासा झाला, कुणी अगदी जवळ येऊन आडोसा केल्यासारखा. मी अजून एकदा हाक मारली. का मारली? कारण मागे अवधूत आहे हे मला ऐकायचं होतं.

"आहे," माझ्या मानेमागून आवाज आला.

५

मी मागे न बघता चौकीपर्यंत गेलो. अजून सांगतो, मी भित्रा नाही. मला फक्त ते बघायचं नव्हतं.

चौकी म्हणजे दगडी भिंतीचं एक टोक आणि त्यात उगवलेला पिंपळ. मी सायकल आडवी टाकली, भिंतीला पाठ लावली आणि मग बघितलं. रस्ता रिकामा होता. वरून खालचा सगळा घाट दिसतो, वळणावर वळण, सांडलेल्या दोरीसारखा. त्यावर कुणी नव्हतं.

पार खाली, आंब्याच्या झाडाखाली, एक केशरी ठिपका होता. अवधूतची जर्सी. तो तिथे परत गेला होता. पहिल्या वळणाच्या पुढे आलाच नव्हता. सायकल धरून उभा होता आणि वर बघत होता.

मी हात हलवला. त्यानं हलवला नाही. मग त्यानं दोन्ही हात वर ताणले, अंग मोकळं केलं, माणूस खूप दिवसांनी गाढ झोपेतून उठल्यावर करतो तसं. सायकलवर बसला आणि आलेल्या रस्त्यानं निघून गेला. सुसाट गेला. एकदाही मागे बघितलं नाही.

मी फोन लावला. बंद होता. मी तिथेच उभा होतो, पाठ दगडाला चिकटवून, त्या भिंतीत आणि माझ्यात बोटभरही जागा नव्हती.

"आहे," अवधूतचा आवाज म्हणाला. माझ्या मागून. मी काहीही विचारलं नव्हतं.

६

पलीकडे कसा उतरलो ते मला नीट आठवत नाही. रेवदंड्याचा किल्ला बघितला म्हणजे त्याच्या तटाला पाठ लावून पाणी प्यायलो. डोकं आपलं काम करत होतं. दरीतला घुमारा असेल. उन्हाचा झटका असेल. कुणाची तरी टवाळी असेल. मी एकेक कारण घेत होतो आणि एकेक फेटाळत होतो. परत जाताना मोठ्या रस्त्यानं गेलो. प्रत्येक गावात कुत्री माझ्यावर भुंकली, गप्प झाली, आणि मी पुढे गेल्यावर पुन्हा भुंकली.

संध्याकाळी लाँच धक्क्याला लागली तेव्हा अवधूत तिथे उभा होता. हातात चहाचे दोन कागदी कप. आजूबाजूला मासळीच्या टोपल्या, आरडाओरडा, बर्फाचे हातगाडे, आणि त्या गर्दीत तो मध्येच मोकळा उभा होता. पाठीला भिंत नव्हती, काही नव्हतं. वर्षभरात मी त्याला असं बघितलं नव्हतं.

त्यानं विचारलं नाही की बरा आहेस का. त्यानं विचारलं, "हाक मारलीस ना?"

त्यानं पुढे केलेला कप मी घेतला नाही.

"उत्तर आलं?"

"तुझ्या आवाजात आलं," मी म्हणालो.

त्यानं डोळे मिटले आणि श्वास सोडला. देवाशप्पथ सांगतो, तो सुटला म्हणून त्याला आनंद झाला होता, आणि तो आनंद त्याला माझ्यापासून लपवता आला नाही. मी त्याच्या हातावर फटका मारला, चहा उडाला.

"ऐकून घे," तो म्हणाला. "मला ते हेरंबच्या आवाजात यायचं. अक्षदा बोलत असली तरी मागे हेरंब. देवाला हात जोडले तरी मागे हेरंब. काही करत नाही रे ते. फक्त असतं. वर्षभर, वैभव. मी वेडा झालो असतो."

"मग मीच सापडलो? एवढी दुनिया पडलीय."

"दुसऱ्यांना नेलं होतं." तो खाली बघत म्हणाला. "दोघांना, वेगवेगळं. त्या घाटात. ते मध्येच मागे वळून बघतात. थांबतात. खात्री करून घेतात. तसं चालत नाही." मग अगदी हळू म्हणाला, "मागे न बघणारा एक तूच होतास."

इतक्या वर्षांच्या दोस्तीचं त्यानं हे केलं होतं. माझा विश्वास त्याला ठाऊक होता, त्याचं माप ठाऊक होतं, आणि त्यानं तो दाराच्या कडीसारखा हात घालून काढला होता. शत्रूनं केलं असतं तर मी त्याला बघून घेतलं असतं. याला काय करणार? याच्या पाठीत माझ्यासाठी छडी बसलेली होती.

"तू पळालास," एवढंच मी म्हणालो.

"हो," अवधूत म्हणाला.

"आहे," माझ्या मागून अवधूत म्हणाला.

समोरच्या अवधूतचे ओठ मिटलेले होते. त्याला ते ऐकू आलं नाही. तो पुढे सांगत होता की मुंबईत घाबरू नकोस, कुणाला काही होणार नाही, ते इकडे कुणाला देता येत नाही, फक्त त्या घाटातच. मी ते खरं मानलं. त्या माणसाचं मी पुन्हा एकदा खरं मानलं.

७

महिन्याभरात अवधूत खोली सोडून डोंबिवलीला गेला. अक्षदा जाताना रडली, नूपुरला म्हणाली, हल्ली हे इतके शांत झोपतात. मी गॅलरीत भिंतीला पाठ लावून ऐकत होतो.

नूपुरला मी काहीच सांगितलं नाही. काय सांगणार? तिला एवढंच दिसत होतं की जिवलग मित्राशी भांडण झालं आणि नवरा वाळत चाललाय. सायकल माळ्यावर गेली. जेवताना मी भिंतीकडची जागा घ्यायला लागलो. ती बोलत असली की मागून त्याचा आवाज येई, आणि मी तिचं वाक्य परत विचारी. ती न चिडता परत सांगे. नूपुरचा हा स्वभावच आहे. एकदा माणसाला आपलं म्हटलं की ती तपासत बसत नाही. आणि तिचं हे कौतुक करता करता एक दिवस माझ्या अंगावर काटा आला, कारण ते मला अवधूतच्या नजरेनं दिसलं होतं.

त्या दिवशी मी ठरवलं की तिला त्या घाटाच्या बाजूलाही न्यायचं नाही. जे आहे ते माझ्यापाशी संपेल. माझ्या आवाजाची सोबत मी तिच्या मानगुटीवर बसवणार नाही.

मग तिनंच एक दिवस अक्षदा जाताना ठेवून गेलेली जुनी सायकल तेलपाणी करून आणली. "मला शिकव," म्हणाली. "तुझा पार्टनर गेला ना? मी होते पार्टनर. असा घरात कुजू नकोस."

मी नाही म्हटलं. ती ऐकेना. तिच्या डोळ्यांत माझी काळजी होती, आणि मुंबईत भीती नव्हती. शेवटी रविवारी सकाळी आम्ही फाइव्ह गार्डन्सला जायला लागलो. सपाट रस्ता, झाडांची सावली, चालायला आलेली म्हातारी माणसं. मी तिच्या शेजारून चालवायचो. मागे नाही, पुढे नाही, कायम शेजारी. तोल कसा धरायचा, ब्रेक कसा दाबायचा, सगळं शिकवलं. मान वळली की हँडल वळतं, म्हणून मागे बघायचं नाही, हेही शिकवलं. तेवढं तर कुणीही शिकवील.

परवाच्या रविवारी ती एकदम सुटली. नीट, सरळ, ओढणी घट्ट बांधून. तिला जमलं होतं. ती आनंदानं ओरडली आणि जोरात पायडल मारायला लागली. मी तिला गाठणार तोच बागेच्या फाटकातून एक बाई कुत्रं घेऊन बाहेर आली. मी ब्रेक दाबला, पाय टेकला. ते कुत्रं माझ्या मागच्या हवेवर भुंकायला लागलं.

पुढून नूपुरचा आवाज आला, हसरा, धापा टाकणारा. "वैभव! आहेस ना रे?"

मी तोंड घट्ट मिटलं. हात तोंडावर धरला. ओ द्यायची नाही, एवढंच मला सुचलं.

"आहे!"

आवाज माझा होता. माझाच, लाडानं ताणलेला, तिला आवडतो तसा. तो माझ्याकडून आला नव्हता. तो तिच्या सायकलच्या मागून आला, अगदी जवळून.

कुत्रं गप्प झालं. माझ्या पाठीला वारा लागला, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा मागे काही नव्हतं. माझे खांदे आपोआप खाली आले. मला बरं वाटलं. त्या एका क्षणाला मला बरं वाटलं, आणि तेच मला सहन होत नाही.

"नूपुर!" मी ओरडलो. "थांब! मागे बघ! मागे बघ गं!"

"कळलं रे, आहेस ते!" ती म्हणाली, आणि मी शिकवल्याप्रमाणे मान न वळवता पुढे गेली.